'अमूर्त वारसा' बरोबर आहे का? आणि वारसा सांगायचा की चालवायचा?

प्रश्न असा आलाय की एका भाषांतरात "अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य" असं वाक्य तयार झालंय, व्याकरणात चूक नाही पण वाचताना खटकतंय. अमूर्त म्हटलं की अमूर्त चित्रं डोळ्यासमोर येतात, म्हणजे रंगांचे फटकारे, कळलं तर कळलं नाही तर पुढच्या चित्राकडे चला. मग गाणं, नाच, विणकाम यांना अमूर्त कसं म्हणायचं, ते तर समोर दिसतं, ऐकू येतं. 'अभौतिक' किंवा 'अस्पर्श' का नको? आणि 'संरक्षण' लिहू की 'जतन'?

आधी निकाल देऊन टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी. 'अमूर्त' राहू द्या, 'संरक्षण' काढा, आणि 'वारसा' या शब्दाकडे जरा थांबून बघा कारण खरी गोम तिथे आहे.

आता सावकाश. ज्या इंग्लिश शब्दासाठी आपण अमूर्त लिहितो तो इन्टॅन्जिबल हा लॅटिन 'तान्गेरे' म्हणजे शिवणे, हात लावणे या क्रियापदावरून आलाय, म्हणजे शब्दशः 'ज्याला हात लावता येत नाही ते'. याचं संस्कृतात जसंच्या तसं भाषांतर केलं तर जो शब्द हाताला लागतो तो आपल्या भाषेत काय इतिहास घेऊन येतो हे वेगळं सांगायला नको, तो रस्ता बंदच. 'अस्पर्श' हा त्याच घरातला, शिवाय 'अस्पर्श निसर्ग' वगैरे वाचून तो आता कोणी हात न लावलेलं, अनाघ्रात या अर्थाकडे सरकलाय. 'हात लावलेला नाही' आणि 'हात लावता येत नाही' यात फरक आहे की नाही.

पण गंमत म्हणजे मुळात ही कल्पना इंग्लिश नाहीच. १९४९ च्या जानेवारीत जपानमधल्या होर्यूजी या जुन्या देवळात आग लागली आणि शेकडो वर्षांची भित्तिचित्रं जळाली, त्यातून हलून तिथल्या सरकारने १९५० मध्ये सांस्कृतिक संपत्तीचा कायदा केला. भिंत जळाली म्हणून कायदा आला, पण त्यात ज्या गोष्टी भिंतीवर नसतात त्याही घेतल्या, म्हणजे नाट्य, संगीत, कारागिरीचं कसब. त्यासाठी शब्द वापरला 'मुकेइ'. मु म्हणजे नाही, केइ म्हणजे आकार. आकार नसलेलं! हाताचा, स्पर्शाचा काही संबंधच नाही. पुढे इंग्लिशमध्ये सांगताना त्याचं इन्टॅन्जिबल झालं आणि तोच शब्द युनेस्कोच्या (संयुक्त राष्ट्रांची शिक्षण-विज्ञान-संस्कृतीची संस्था) या वारशावरच्या २००३ च्या करारात जाऊन बसला. फ्रेंच आणि स्पॅनिश लोकांनी आपापलं 'वस्तुरूप नसलेला' केलं, चिनीतही साधारण तेच, तुर्कीत 'सोमुत ओल्मायान' म्हणजे जवळजवळ अक्षरशः 'मूर्त नसलेला'. तर आपला अमूर्त हा इंग्लिशपेक्षा जपानी मूळ शब्दाच्या जास्त जवळ बसतो. बहुतेक योगायोगाने असेल, पण बसतो.

अमूर्त का ठेवावा याचं दुसरं कारण मला जास्त आवडतं. मूर्त हा शब्द 'मूर्छ्' या धातूवरून आलाय आणि त्याचा जुना अर्थ आहे घट्ट होणे, थिजणे (मूर्च्छा पण याच घरातली, माणूस थिजतो म्हणून). मूर्त म्हणजे थिजून एका आकारात बसलेलं, आणि अमूर्त म्हणजे न थिजलेलं. आता करारातली व्याख्या बघा, ती म्हणते की हा वारसा पिढ्यान् पिढ्या पुढे जातो आणि लोक आपल्या परिस्थितीप्रमाणे तो सतत नव्याने घडवत असतात. न थिजलेलं, दुसरं काय! बृहदारण्यक उपनिषदात 'द्वे वाव ब्रह्मणो रूपे मूर्तं चैवामूर्तं च' असं म्हणून पुढे जोड्या लावल्यात, त्यात मूर्ताच्या बाजूला 'स्थित' आहे आणि अमूर्ताच्या बाजूला 'यत्' म्हणजे चालतं, हलतं. फक्त त्याच ओळीत मूर्त हे मर्त्य आणि अमूर्त हे अमृत आहे, वारशाच्या बाबतीत मात्र नेमकं उलट होतं, दगडी देऊळ हजार वर्षं उभं राहतं आणि गाणं शेवटच्या गाणाऱ्याबरोबर एका दुपारी संपतं.

'अभौतिक' मात्र नकोच. कारण करारातल्या व्याख्येत नुसतं ज्ञान आणि कसब नाहीये, त्याला जोडलेली हत्यारं, वाद्यं, वस्तू आणि जागासुद्धा आहेत. विणणाऱ्याचा माग हा चांगला दणकट भौतिक पदार्थ आहे, त्याला अभौतिकात कसं कोंबणार? अमूर्तमध्ये ती अडचण कमी, माग मूर्त पण मागावरचं चालणं अमूर्त, एवढं तरी म्हणता येतं. चित्रकलेशी गोंधळ होईल म्हणाल तर होईल थोडा, पण हिशेबाच्या पुस्तकातही अमूर्त मालमत्ता असतेच की, पेटंट, नाव, पत वगैरे, तिथे कोणी रंगांचे फटकारे शोधत नाही.

आता वारसा. हा अरबीतून आला, वारिस, विरासत यांच्या घरातला. त्या धातूची पिलावळ मराठीत भरपूर आहे, वारस, वारसदार, आणि मिरास, मिरासदार पण त्यातलेच. युनेस्कोच्या अरबी मसुद्यात वारशासाठी जो 'तुराथ' शब्द आहे तोही त्याच धातूचा आणि तुर्की लोक तर सरळ 'मिरास' म्हणतात, म्हणजे कराराच्या कागदावर आपला शब्द त्याच्या सख्ख्या भावंडांना भेटतो. फ्रेंचमध्ये वापरतात तो 'पात्रिमोआन', त्याच्या मुळाशी बाप आहे, आपल्या वडिलोपार्जितसारखा. जगातलं किती विणकाम, भरतकाम, किती अंगाईगीतं आईकडून मुलीकडे जातात ते बघितलं तर हे नाव जरा विनोदीच वाटतं पण असो.

इथे एक साधी चूक सांगतो जी रोज दिसते. 'वारसा'चं सामान्यरूप 'वारशा-' होतं, घसा-घशाला, ससा-सशाला तसं वारसा-वारशाला. लोक सर्रास 'सांस्कृतिक वारसाचं जतन' लिहितात, त्याचा अर्थ होतो सांस्कृतिक वारसदाराचं जतन! चूक आहे, दुरुस्त करायलाच हवी, पण खरं सांगू का, करार नीट वाचला तर ही चूक अर्थाने फारशी लांब नाही. शिकणारं पोरगं टिकलं तरच पुढचं सगळं. जपानमध्ये त्या कायद्याखाली मान मिळालेल्या कलावंतांना लोक बोलताना 'निंगेन कोकुहो' म्हणतात, म्हणजे माणूसरूपी राष्ट्ररत्न, आणि १९९३ मध्ये दक्षिण कोरियाने युनेस्कोकडे अशीच जिवंत माणसांना मान देण्याची योजना मांडली होती. सगळा भर माणसावरच.

आणि मूळ मुद्दा आता. मराठीत वारशाबरोबर कुठली क्रियापदं येतात ते आठवून बघा. वारसा मिळतो, वारसा लाभतो, वारसा जपतात. पण दोन खास आहेत, 'वारसा सांगणे' आणि 'वारसा चालवणे'. सांगतो तो हक्क सांगतो, आम्ही अमक्यांचे. चालवतो तो रोज उठून काम करतो. आंतरराष्ट्रीय करारात राष्ट्रं सही करतात (आजवर १८० च्या वर), युनेस्कोच्या वारसा-यादीसाठी अर्ज राष्ट्रं भरतात, त्यामुळे साहजिकच 'सांगणं' जोरात चालतं, मग बातमी येते की युनेस्कोने अमुक नृत्य तमुक देशाच्या नावावर केलं. असं काही होत नसतं हो! यादीत नाव आलं म्हणजे सातबारा झाला नाही. ती पेटंटची भानगड नाही, मालकीची नाही, आणि उत्तम-मध्यम अशी क्रमवारीही नाही. आधी २००१ ते २००५ च्या दरम्यान 'श्रेष्ठ कलाकृती' अशा अर्थाच्या नावाने ९० गोष्टी जाहीर केल्या होत्या, त्या २००८ मध्ये नव्या यादीत घेतल्या आणि यादीचं नाव ठेवलं 'प्रातिनिधिक'. श्रेष्ठ हा शब्द गेला. म्हणून 'युनेस्कोचा दर्जा मिळाला' हे वाक्यही मला टोचतं, दर्जा कसला, नोंद झाली म्हणा.

सांगण्यावरून भांडण आणि मग सहकार्य कसं होतं त्याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे कोरियन कुस्ती. उत्तर आणि दक्षिण दोघांनीही वेगवेगळे अर्ज केले होते, एकाच कुस्तीसाठी. नोव्हेंबर २०१८ मध्ये मॉरिशसला पोर्ट लुईमध्ये या कराराच्या समितीची बैठक झाली आणि तिथे दोन्ही अर्ज एकत्र करून एकच नोंद झाली, दोन्ही कोरियांची मिळून पहिलीच. आता नोंदीचं नाव बघा. कुस्तीला कोरियन लिपीत दोन्हीकडे एकच शब्द आहे, अक्षरं तीच, उच्चार तोच. पण रोमन लिपीत लिहायची पद्धत दोघांची वेगळी, त्यामुळे नावात एकच शब्द दोन स्पेलिंगांनी, मध्ये तिरकी रेघ मारून लिहिलाय. ती रेघ म्हणजे सीमारेषाच जणू, पण दोन्ही बाजूंना शब्द तोच!

नवरोजचं तर विचारूच नका. २०१६ मध्ये तो १२ देशांच्या नावे नोंदला गेला तेव्हा शीर्षकात नवरोज, नोव्रुझ, नौरिझ, नूरुझ, नेव्रुझ अशी प्रत्येक देशाच्या उच्चाराची माळच लावली, त्यात काही स्पेलिंगं चक्क परत परत आलीत, कारण कोणाचं गाळणार. संपादक म्हणून मी ती आधी कापली असती, मग कळलं असतं की ही पुनरुक्ती नाही, सह्या आहेत. २०२० मध्ये अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को, ट्युनिशिया या चौघांनी मिळून कुसकुसची नोंद केली, ही मंडळी एरवी एकमेकांशी फार गोडीने वागतात असं नाही. आणि तिथेही नोंद पदार्थाची नाही, तो करण्या-खाण्याच्या ज्ञानाची आणि रीतींची आहे. भाषांतर करताना हे सांभाळा, 'कुसकुसला वारशाचा मान' लिहिलंत की ताट हातात आलं आणि ज्ञान निसटलं.

आता संरक्षण. १९७२ चा जो वास्तू आणि निसर्गाच्या जागतिक वारशाचा करार आहे त्याच्या नावात प्रोटेक्शन आहे, तिथे संरक्षण चपखल, कुंपण घाला, पहारा ठेवा. २००३ च्या करारात मुद्दाम वेगळा शब्द घेतला, सेफगार्डिंग, आणि त्याची व्याख्या करताना नऊ कामं सांगितली, ओळख पटवणं, नोंद करणं, संशोधन, परिरक्षण, संरक्षण, प्रचार, मान वाढवणं, पुढच्या पिढीला देणं आणि मरगळलेल्याला पुन्हा उभं करणं. म्हणजे संरक्षण हे नवातलं एक. तुम्ही सगळ्यालाच संरक्षण म्हटलंत तर व्याख्या अशी होईल की 'संरक्षण म्हणजे नोंद, संशोधन, संरक्षण वगैरे', आणि वाचणारा डोकं धरून बसेल. फ्रेंचमध्ये याला 'सोव्हगार्द' म्हणतात आणि कॉम्प्युटरच्या बॅकअपलाही फ्रेंचमध्ये तोच शब्द आहे, जो मला फार सूचक वाटतो, कारण बऱ्याच ठिकाणी होतं ते तेवढंच, रेकॉर्डिंग केलं, हार्ड डिस्कवर टाकलं, झालं, बॅकअप आहे पण प्रोग्राम चालवणारं कोणी नाही.

'जतन' चालेल का? चालेल. जतन हा 'यत्न'चाच बदललेला अवतार आहे, य चा ज झाला, म्हणजे मुळात त्यात कष्ट आहेत, डबा नाही. पण आज 'जतन करून ठेवलंय' म्हटलं की ट्रंक आणि डांबरगोळ्याच आठवतात, आणि न थिजलेल्या गोष्टीला ट्रंक काय कामाची. माझं मत 'जोपासना'ला. रोप जोपासतात, छंद जोपासतात, छंदाचं संरक्षण कोणी करत नाही, आणि 'वारसा जोपासणे' हा प्रयोग मराठीत आधीच रुळलेला आहे, नवीन शब्द पाडायची गरज नाही. जोपासलेलं वाढतं, वाढताना बदलतं, हे त्या शब्दात गृहीतच आहे. याच कारणाने या क्षेत्रात 'अस्सल' हा शब्द जपून वापरा, २००४ मध्ये जपानमध्येच नारा इथे जमलेल्या जाणकारांनी यामातो जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलंय की वास्तूंना लावतात तो अस्सलपणाचा निकष अमूर्त वारशाला लागू होत नाही.

ट्रान्समिशनला (त्या नऊ कामांतलं 'पुढच्या पिढीला देणं') काय म्हणायचं हे कोणी विचारलं नाहीये पण पुढच्याच परिच्छेदात तुम्ही अडणार आहात म्हणून सांगून ठेवतो. संक्रमण म्हटलं तर रोग आठवतो, प्रसारण म्हटलं तर टीव्ही, हस्तांतरण म्हटलं तर फ्लॅट. 'पुढच्या पिढीकडे सोपवणं' लिहा, लांब आहे पण कोणाचा गैरसमज होणार नाही.

राहिलं सहकार्य. ते बरोबर आहे, फक्त 'सहकार' करू नका, मराठी माणसाला लगेच पतपेढी आठवते. आणि करारात सहकार्य आणि साहाय्य हे दोन वेगळे आहेत हे लक्षात ठेवा. कलम १९ सहकार्याचं, म्हणजे माहिती-अनुभवांची देवाणघेवाण, मिळून उपक्रम, आणि मदतीची यंत्रणा उभी करणं. त्यापुढची कलमं साहाय्याची, म्हणजे तज्ज्ञ पाठवणं, शिकवणं, साधनं देणं, पैसे देणं. पैशाचे १ लाख डॉलरपर्यंतचे अर्ज २४ देशांच्या पूर्ण समितीपर्यंत जातही नाहीत, तिचं छोटं मंडळच निकाल लावतं. सगळीकडे 'सहकार्य' लिहिलंत तर कोण नुसतं बोलतंय आणि कोण पैसे देतंय ते कळणार नाही. आणि हो, साहाय्य, 'सहाय्य' नाही. सहाय म्हणजे मदत करणारा, त्याचं भाववाचक साहाय्य. 'आंतरराष्ट्रीय' की 'अंतरराष्ट्रीय' यात मी आज पडत नाही, त्यावर माझी दोन मित्रांशी अबोल्यापर्यंत मजल गेलेली आहे.

तर तुमचं वाक्य मी असं केलं असतं: "अमूर्त सांस्कृतिक वारसा जोपासण्यासाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य". संरक्षण गेलं, 'च्या'ची एक गाठ सुटली. कायद्याचाच मसुदा असेल आणि वरचे लोक जोपासनेला 'फार घरगुती' म्हणून नाक मुरडत असतील तर 'जतन' घाला, पण मग व्याख्येच्या कलमात ती नऊ कामं नऊ वेगळ्या शब्दांनी आलीत ना, एवढं एकदा बोटांवर मोजून घ्या.