पौर्णिमेला येणारी पाळी लग्नानंतर बिघडली. चंद्राचा बाईच्या शरीरावर खरंच परिणाम होतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय २५, माहेर बार्शी, मे महिन्यात लग्न होऊन सोलापूरला आलात. आधी पाळी पौर्णिमेच्या आगेमागे यायची. लग्नानंतर ती दीड-दीड महिन्याने यायला लागली आणि आता तीन महिने झाले, आलेलीच नाही. सासूबाई म्हणतात चंद्राचं बळ फिरलं. मैत्रीण चंद्राच्या कलांप्रमाणे बिया खायचं वेळापत्रक पाठवते. आणि अगदी शेवटच्या ओळीत तुम्ही जाता जाता सांगितलंय की लग्नाआधी चार महिन्यांत अकरा किलो वजन उतरवलं, गौरीच्या वेळी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या, आणि गोरं होण्याचं एक क्रीम अजून चालू आहे.

मी डॉक्टर नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, बिडी कामगारांच्या आणि यंत्रमागवाल्यांच्या वस्त्यांत बरीच वर्षं परिचारिका म्हणून काम केलंय. तुमचा प्रश्न वाचल्यावर माझं लक्ष त्या शेवटच्या ओळीवरच अडकून राहिलं. पण प्रश्न चंद्राचा आहे, तेव्हा आधी त्याचं सांगते.

एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत २९.५३ दिवस जातात. पाळीचं चक्र पुस्तकात २८ दिवसांचं छापतात, पण २०१९ मध्ये सहा लाखांहून जास्त चक्रांच्या नोंदी तपासल्या तेव्हा सरासरी २९.३ दिवस निघाली. बरोबर २८ दिवसांची चक्रं शंभरात १३ होती. म्हणजे बायकांची सरासरी चांद्र महिन्याला अगदी खेटून आहे, आणि भास इथूनच सुरू होतो. समजा एखादीचं चक्र २९ दिवसांचं आहे आणि एकदा तिची पाळी पौर्णिमेला आली. पुढच्या महिन्यात ती पौर्णिमेच्या अर्धा दिवस अलीकडे येईल, त्याच्या पुढच्या महिन्यात एक दिवस. सहा महिन्यांनीही फरक तीनच दिवसांचा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर गोल करत जाणाऱ्या कुठल्याही बाईला वाटणारच की आपलं पौर्णिमेशी जुळलंय. चक्र २८ दिवसांचं असेल तर ते दर खेपेला दीड दिवस सरकतं आणि नऊ-दहा पाळ्यांनंतर तीच बाई अमावास्येला बसते. तेव्हा घरात अमावास्येची चर्चा सुरू होते. सासूबाईंनी पाहिलं ते खोटं नाही. त्यांनी काढलेलं कारण मात्र बरोबर नाही.

शरीरात पाणी आहे म्हणून समुद्रासारखी भरती येते, हा निरोपही फोनवर फिरत असतो. भरती येते ती पृथ्वीच्या चंद्राकडच्या आणि पलीकडच्या बाजूवरच्या ओढीत फरक पडतो म्हणून, आणि त्या दोन बाजूंत पावणेतेरा हजार किलोमीटरचं अंतर आहे. पाच फुटांच्या शरीराच्या दोन टोकांत असा फरक पडून पडून किती पडणार? उजनी धरणाच्या काठावर उभं राहिलं तर एवढ्या पाण्यालासुद्धा भरती आलेली दिसत नाही. शिवाय मोठी भरती पौर्णिमेला येते तशी अमावास्येलाही येते. आणि त्याच चंद्राखाली आपली पंढरपुरी म्हैस साधारण २१ दिवसांनी माजावर येते.

चांदण्याच्या उजेडाबद्दल मात्र मी दार पूर्ण बंद करत नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये २२ बायकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. काहींची पाळी मधूनमधून काही काळ चंद्राशी जुळत होती, वय वाढलं आणि रात्रीचा कृत्रिम उजेड वाढला की ते जुळणं सुटत होतं. नमुना लहान आहे, पण अभ्यास मनापासून केलेला आहे. तरी त्यातूनही एवढंच निघतं की चंद्राची पकड असलीच तर फार सैल आहे. घरात ट्यूबलाइट आणि हातात मोबाइल असलेल्या बाईची पाळी तीन महिने थांबवण्याइतकी ती नाही. (हॉस्टेलमधल्या मुलींची पाळी एकाच वेळी येते हेही १९७१ च्या एका अभ्यासापासून सगळीकडे पसरलं. पुढे चीनमध्ये १८६ मुलींची वर्षभर नोंद ठेवली तेव्हा तसं काही आढळलं नाही.)

आता तुमच्या अकरा किलोंकडे येऊ या.

पाळीची सुरुवात गर्भाशयात होत नाही, मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तो एक-दोन तासांच्या अंतराने एक संप्रेरक (हार्मोन) ठोक्याठोक्याने सोडतो, त्यावर पिट्युइटरी ग्रंथी चालते आणि तिच्या सांगण्यावर बीजकोश बीज पिकवतो. पोटात जाणारं अन्न आणि खर्च होणारी ताकद यांचा हिशेब हाच भाग ठेवतो. अंगातली चरबी लेप्टिन नावाचं संप्रेरक बनवते, ते घटलं की मेंदूला कळतं की घरात धान्य संपत आलंय. मग ठोके मंदावतात, बीज पिकत नाही, पाळी आधी लांबते आणि नंतर थांबते. या शरीरात आत्ता मूल वाढवायची ताकद नाही, असा तो निर्णय असतो. आपण उपाशी राहतोय ते दुष्काळामुळे की लग्नाच्या ब्लाउजच्या मापासाठी, हे मेंदूला कळायला मार्ग नाही. मधल्या काळात इस्ट्रोजेन कमी पडतं आणि हाडं कच्ची राहतात. पंचविशीत हाडं अजून भरत असतात, म्हणून तीन महिने ही गोष्ट मी साधी धरत नाही.

लग्न ठरलेल्या मुली चक्कर येते म्हणून यायच्या. हिमोग्लोबिन आठ, सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, रात्री काही नाही. सोबत आलेली आई सांगायची, "फोटोत जाड दिसते हो सिस्टर, पोराकडचे बोलतात." २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता. अशा राज्यात, जिथे निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त नाही, तिथे त्यांना अजून कमी खा म्हणून सांगितलं जातं, याचा मला आजही संताप येतो. सोलापूरच्या नवी पेठेत लग्नाच्या खरेदीला निघालेल्या घोळक्यात नवरी मुलगी तेवढी उपाशी असते.

गोळ्यांचं. आपल्याकडे पंढरपूर जवळ, तुळजापूर जवळ, अक्कलकोट जवळ. आषाढी, गौरी, नवरात्र, सत्यनारायण असं काही आलं की मेडिकलच्या दुकानात या गोळ्यांची मागणी वाढते आणि त्या चिठ्ठीशिवाय हातात पडतात. बहुतेक वेळा ते नोरेथिस्टेरॉन असतं. बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतं, ते उतरलं की अस्तर सुटतं आणि पाळी येते. गोळी त्या प्रोजेस्टेरॉनची जागा घेते. पाळीच्या अंदाजे तीन दिवस आधी सुरू करायची, थांबवली की दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होतो. डॉक्टरांनी तपासून दिली तर निरोगी बाईला एखाद्या वेळेस चालते. पण पायात रक्ताची गाठ झालेली असेल, यकृताचा आजार असेल, स्तनाचा कर्करोग झालेला असेल, कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, दिवस राहिल्याची शंका असेल, तर ती घ्यायचीच नाही. हे दुकानदार विचारत नाही. तुम्ही लिहिलंय की गौरीनंतर गोळ्या थांबवल्यावर एकदा पाळी आली, त्यानंतर नाही. ताई, तो रक्तस्राव गोळी थांबल्याचा होता. तुमची स्वतःची पाळी बहुधा त्याच्या आधीपासूनच डळमळीत झालेली आहे. आणि देवघरात जायचं की नाही हे ज्या त्या घरानं ठरवावं, पण त्यासाठी सुनेच्या शरीरात औषध घालायचं असेल तर निदान तिला आधी डॉक्टरकडे न्यावं, एवढं मी सासूबाईंच्या समोर बसूनही म्हणेन.

क्रीम आज बंद करा. डबीवर घटक, कारखान्याचा पत्ता, परवाना क्रमांक नसेल तर त्यात पारा असू शकतो. त्वचेला गोरी करणारा पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडावर बसतो. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांच्या आजाराचं मूळ शोधता शोधता डॉक्टर ब्युटिशियनकडून घेतलेल्या क्रीमपर्यंत पोचले होते. काही क्रीमांत स्टेरॉइड असतं. त्याने आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, लव वाढते.

तुम्ही असंही विचारलंय की बाहेरच्या गोष्टींनी शरीरात एवढं होतं का, की हे मनाचे खेळ आहेत. मनाचे खेळ नाहीत. परकराची नाडीच घ्या. रोज त्याच जागी करकचून बांधलेली नाडी, त्यात सोलापूरचा उन्हाळा आणि घाम. कमरेवर काळा पट्टा पडतो, खाज सुटते, कातडी निघते आणि बायका वरून हळद लावून तिथेच पुन्हा नाडी आवळतात. वर्षानुवर्षं न भरलेली जखम क्वचित कर्करोगात जाते. १९४५ मध्ये डॉ. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी धोतरामुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी साडी नेसणाऱ्या दोन वयस्क बायकांची तशीच प्रकरणं मांडली, त्यातली एक लुगडं नेसणारी होती. लुगड्याखाली परकर नव्हता, गाठच तेवढी घट्ट होती. तेव्हा कमरेला पट्टा रुंद ठेवा, सैल बांधा, जागा बदलत राहा, आणि घरातल्या आजींच्या कमरेवर न भरणारी जखम दिसली तर मलम शोधत बसू नका, दाखवा.

बाईचं शरीर बिघडवण्यात फॅशनपेक्षा जास्त हात पोटासाठी करायच्या कामाचा असतो, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. माझ्या भागातली बाई सकाळी घरातलं आवरून मांडीवर सूप घेऊन बसते, हजार बिड्या वळेपर्यंत पाठ सरळ होत नाही. तंबाखूची धूळ नाकात जाते, निकोटिन बोटांच्या कातडीतूनही शिरतं. धूम्रपान करणाऱ्या बायकांची पाळी एक-दोन वर्षं लवकर जाते हे नीट माहीत आहे. या बायका बिडी ओढत नाहीत, पण आयुष्यभर तंबाखूतच बसतात. मजुरी हजारावर, म्हणून पोटात कळ आली तरी हात थांबत नाही.

आणि ऊस. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने राज्यात सगळ्यांत जास्त. हंगामात बीडकडून टोळ्या येतात, कोप्या म्हणजे झोपड्या घालून राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला एक जोडी धरतात. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, एक दिवस गेला की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. पाळीत खाडा नको, पांढरं जातंय, पोट दुखतंय, मग "पिशवी काढून टाका." २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती, कित्येकींची चाळिशीच्या आत. बीजकोशही काढले असतील तर पाळी जाण्याचं सगळं म्हातारपण तिशीतच अंगावर येतं. नुसती पिशवी काढली तरी ते बरेचदा लवकर येतं. कुठल्या चंद्राने केलं हे?

आता तुम्ही काय करायचं. सगळ्यात आधी घरच्या घरी गर्भचाचणीची पट्टी. पाळी अनियमित असतानाही दिवस राहतात, आणि ते कळायच्या आत मेडिकलमधून "पाळी आणायच्या" गोळ्या घेऊ नका. चाचणी नकारात्मक आली तर याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. सिव्हिलच्या ओपीडीत गेलात तरी चालेल. थायरॉइडसाठी टीएसएच, पाळीशी संबंधित प्रोलॅक्टिन आणि एफएसएच ही संप्रेरकं, हिमोग्लोबिन आणि ओटीपोटाची सोनोग्राफी, एवढं बहुधा सांगतील. पीसीओडी आहे का तेही त्यात कळेल. तुमचं वजन उतरण्याआधी आणि नंतर किती होतं ते आकड्यात सांगा, "थोडं कमी केलं" म्हणू नका. गोळ्यांची रिकामी पट्टी आणि क्रीमची डबी पिशवीत घालून न्या. क्रीम वापरलंय म्हणून मूत्रपिंडं नीट आहेत का हे कळायला लघवीतलं प्रोटीन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला सांगा. सकाळी डोळ्यांखाली सूज येत असेल किंवा लघवीला फेस येत असेल तर हे थांबवून ठेवायचं काम नाही.

जेवण आजपासून पूर्ण. दोन्ही वेळ भाकरी, डाळ, शेंगाचटणी वर तेल घालून, चालत असेल तर अंडी. मैत्रिणीने सांगितलेले जवस-तीळ खुशाल खा, अन्न म्हणून चांगले आहेत, त्यासाठी पंचांग बघायची गरज नाही. वजन दोन-तीन किलो वाढलं आणि कुणी बोललं तर बोलू द्या.

रिपोर्ट आले की आकडे इथे प्रतिक्रियेत लिहा, नाव आणि फोन नंबर झाकून. डॉक्टरांना अजून काय विचारायचं ते आपण मिळून बघू.