कुरापत त्यांची, कारवाई आपली

औशाच्या एका वाचकांनी विचारलंय: मुलीला वक्तृत्व स्पर्धेत ‘चीनच्या कुरापती’ हा विषय आलाय. ‘कुरापत’ आणि ‘आगळीक’ यांत फरक काय? आणि बातम्यांत कुरापत कायम शेजारच्या देशाचीच कशी असते, भारताची का नसते?

दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे, पण त्याचं उत्तर पहिल्यातूनच निघतं.

आगळीक आपल्या हातूनही होते. ‘काही आगळीक झाली असेल तर पोटात घाला,’ असं मुलीचा बाप व्याह्यांना हात जोडून म्हणतो. मर्यादा ओलांडली गेली, एवढंच तो शब्द सांगतो; हेतूबद्दल तो गप्प असतो. कुरापत मात्र नुसती होत नाही, ती काढावी लागते. ‘माझी कुरापत काढू नको’ असं आपण बजावतो, पण ‘माझ्या हातून कुरापत झाली’ असं कबूल केलेलं मी तरी ऐकलेलं नाही. समोरच्याला भांडणच हवं होतं, हा आरोप शब्दाच्या पोटातच आहे. आपल्याकडच्या उर्दू-दखनी बोलणाऱ्या घरांतला ‘खुराफात’ याच घरातला दिसतो. अरबीत खुराफात म्हणजे भाकडकथा. इकडे येईपर्यंत तिचा खोडसाळपणा झाला.

धुऱ्याचं भांडण आठवा. नांगराचं एखादं तास पलीकडे गेलं की पलीकडचा म्हणतो, ‘कुरापत काढली’. अलीकडचा म्हणतो, ‘माझंच रान होतं, नीट करून घेतलं.’ लडाखमधली प्रत्यक्ष ताबारेषा अशीच, दोन्ही देशांनी मान्य केलेला नकाशा नसलेली. कुठे गस्त घालायची याबद्दल दोघांच्या कल्पना वेगळ्या, म्हणून एकाची नेहमीची गस्त ती दुसऱ्याची घुसखोरी. १९६२च्या युद्धाला आपण ‘चिनी आक्रमण’ म्हणतो. चीनमध्ये त्याच युद्धाचं अधिकृत नाव ‘आत्मसंरक्षणासाठीचा प्रतिहल्ला’ असं आहे. जून २०२०मध्ये गलवानला आपले २० जवान शहीद झाले, तेव्हाही बीजिंगचं परराष्ट्र खातं भारतीय सैन्याने रेषा ओलांडून चिथावणी दिली असंच सांगत होतं. स्वतःचे चार सैनिक गेल्याचं चीनने जाहीर केलं ते थेट फेब्रुवारी २०२१मध्ये. दोन्ही बाजू सारख्याच खऱ्या, असं मी म्हणत नाही. पण तिकडच्या वाचकाला रोज जे वाचायला मिळतं, त्यात कुरापतखोर आपण असतो.

मथळा करणाऱ्याला हा शब्द का आवडतो, तेही उघड आहे. चार अक्षरांत बसतो आणि ‘पुन्हा’शी त्याची जोडी छान जमते. ‘चीनची पुन्हा कुरापत’ असा मथळा वाचला, की आधीची कुरापत कोणती हे कुणी विचारत नाही. आणि वारं फिरलं की शब्दही फिरतात. १९५४च्या पंचशील करारानंतर ‘भाई-भाई’ होतं. ऑक्टोबर २०२४मध्ये गस्तीबाबत समझोता झाला, तेव्हापासून ‘चर्चेची फेरी’, ‘थेट विमानसेवा’ असे गुळगुळीत शब्द पुन्हा दिसायला लागले.

‘कारवाई’ची गोष्ट तर आपल्या घरातलीच. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसांत भारतीय लष्कर रणगाडे घेऊन निजामाच्या राज्यात शिरलं, एक मोठी फळी सोलापूरहून नळदुर्गच्या वाटेने आली. लष्करी नाव ‘ऑपरेशन पोलो’. तरी मराठवाड्यातली जुनी माणसं आजही ‘पोलीस ॲक्शनच्या वेळी’ असंच म्हणतात. त्यात पोलीस होते कुठे? पण हैदराबादने ऑगस्टमध्येच सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती. ‘युद्ध’ म्हटलं असतं तर हैदराबाद हा वेगळा देश आहे हे मान्य केल्यासारखं झालं असतं. ‘पोलीस’ म्हटलं की घरातला बंदोबस्त. गंमत अशी की वर्षभर आधी डचांनी इंडोनेशियावर चढाई करून तिलाही हेच नाव दिलं होतं, आणि ते प्रकरण सुरक्षा परिषदेत नेणाऱ्यांत भारत होता. १९५०मध्ये कोरियाच्या वेळी अमेरिकेलाही हाच शब्द कामी आला.

म्हणून मुक्तिसंग्राम खोटा ठरत नाही. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी काय केलं ते इथल्या गावांना कुणी सांगायला नको. ‘रझाकार’चा मूळ अर्थ निव्वळ ‘स्वयंसेवक’, पण त्यांच्या करणीने आपल्याकडे त्याची शिवी झाली. त्याचबरोबर, ॲक्शनच्या काळात आणि नंतर जी माणसं मारली गेली त्यांचा अंदाज भारत सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार असा केला होता आणि तो अहवाल कैक वर्षं बाहेर आला नाही, हेही खरं. ‘पोलीस ॲक्शन’ या दोन शब्दांत ते कुठेच दिसत नाही.

आता भाषणाचं. विषय स्पर्धेवाल्यांनी दिलाय, तो बदलता येणार नाही. पण ‘कुरापत’ हे मत आहे, बातमी नव्हे, हे मुलीच्या लक्षात असू द्या. शब्द वापरला की लगेच कुठे, कधी, काय घडलं ते तिने सांगावं. १९६२ला ‘आक्रमण’ बिनधास्त म्हणावं, तेवढं मोठं ते होतंच. अडचण गलवानची. पेपरांत ‘झटापट’ आलं होतं, पण झटापट एसटीत जागेवरूनही होते. वीस जवान गेले तिथे तो शब्द तोकडा पडतो. ‘चकमक’ म्हटलं की गोळीबार डोळ्यांपुढे येतो, आणि तिथे लढाई झाली दगड, दांडके नि खिळे ठोकलेल्या सळयांनी. मी ‘हातघाईची लढाई’ म्हणेन. जुना शब्द आहे, बखरींतला वाटेल, पण घडलं ते तसंच.