वाचकांचे प्रश्न : आचरेकर सरांचे काम

प्रश्न : रमाकांत आचरेकर यांचे नाव निघाले की ‘सचिनचे गुरू’ एवढे सांगून विषय संपवला जातो. स्वतः मोठे क्रिकेटपटू नसलेल्या या गृहस्थांनी शिवाजी पार्कवर नेमके काय केले, की इतके खेळाडू त्यांच्या हाताखालून गेले?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. १९३२ मध्ये जन्मलेल्या आचरेकरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे, तोही स्टेट बँकेच्या संघाकडून १९६३-६४ च्या मोईन-उद-दौला स्पर्धेतला. खेळाडू म्हणून जे हुकले, त्याची भरपाई त्यांनी दादरच्या मैदानावर मुलांना खेळवण्यात केली. आमच्या मते तंत्र शिकवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्यांचे खरे काम सामने जुळवण्याचे होते. नेटमध्ये बाद झालेला मुलगा पुन्हा उभा राहतो, सामन्यात मात्र त्याला तंबूत परतावे लागते. हा फरक मुलाच्या अंगी लवकर मुरावा, म्हणून आपल्या कामत मेमोरियल क्लबच्या मुलांसाठी ते सतत सामने ठरवत. उन्हाळी सुट्टीच्या साठ दिवसांत आपण पंचावन्न सराव सामने खेळल्याचे सचिन यांनी लिहून ठेवले आहे, आणि एका मैदानावरची फलंदाजी आटोपली की सर त्यांना स्कूटरवर बसवून दुसऱ्या मैदानावर नेत, हेही त्यांनी अनेकदा सांगितले आहे.

स्टंपवरच्या रुपयाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, पण तिची एक बाजू सांगायची राहून जाते. सराव संपत आला आणि फलंदाज दमला, की सर यष्टीवर रुपया ठेवत. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याला तो मिळे, आणि कोणालाच ते जमले नाही तर तो सचिनचा होई. अशी तेरा नाणी सचिन यांनी जपून ठेवली आहेत. फलंदाजाची एकाग्रता वाढवणारी युक्ती म्हणून ती सांगितली जाते खरी, परंतु दिवसभर राबलेल्या गोलंदाजांना त्या शेवटच्या षटकांत काही मिळवण्यासारखे उरावे, ही सोयही तिच्यात होती.

शिस्त कडक होती. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, तेव्हा कांबळी ३४९ वर होते. आणखी एक धाव करू द्यावी अशी विनंती त्यांनी सरांना दूरध्वनीवरून केली आणि सरांनी डाव घोषित करण्यास सांगितले. कौतुकाच्या बाबतीत तर ते कमालीचे कंजूष होते. ‘छान खेळलास’ हे शब्द त्यांच्या तोंडून कधी आले नाहीत, असे सचिन सांगतात.

आता शिष्यांकडे पाहा. १९८३ च्या विश्वविजेत्या संघातले स्विंग गोलंदाज बलविंदरसिंग संधू, यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित, सलामीवीर लालचंद राजपूत, प्रवीण आमरे, अजित आगरकर, ऑफस्पिनर रमेश पोवार : यांत एका साच्यातले दोघे सापडणे कठीण. यांपैकी अनेकजण पुढे स्वतः प्रशिक्षक झाले. पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असे सलग दोनदा, तर मध्य प्रदेशाने २०२१-२२ मध्ये रणजी करंडक जिंकला. ‘सचिनचे गुरू’ या दोन शब्दांत नागपूर आणि इंदूरपर्यंत पोहोचलेले हे काम मावत नाही.

प्रश्न : सरांचे स्मारक शिवाजी पार्कवर कोठे आहे? शासनाने त्यांची दखल घेतली होती का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : स्मारक मैदानाच्या पाच क्रमांकाच्या प्रवेशद्वाराजवळ आहे. ३ डिसेंबर २०२४ रोजी, सरांच्या जन्मदिनी, त्याचे अनावरण झाले. सचिन आणि कांबळी दोघेही उपस्थित होते. सरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा मात्र शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले नाहीत, आणि त्यावरून झालेली टीका योग्यच होती.