फोटोतली उंच इमारत

प्रश्न: बाबांचा एक कृष्णधवल फोटो सापडला. मागे फक्त ‘ब्रायटन, वेस्ट पिअर’ लिहिलंय, साल नाही. पिअरच्या (समुद्रात आत शिरलेल्या लांब धक्क्याच्या) कठड्याला टेकून ते खळखळून हसताहेत. पाठीमागे किनाऱ्यावरचं मेट्रोपोल हॉटेल (पाटी वाचता येते) आणि त्याच्यामागून डोकावणारी पांढरी, खूप उंच इमारत. बाबा १९६३ मध्ये लंडनला शिकत होते, पुढे १९७१ मध्ये कामासाठी काही महिने गेले. लग्न १९६६ चं. आई म्हणते, ‘लग्नाआधीचाच असणार, नंतर हे असे कधी हसले?’ आत्याच्या मते लग्नानंतरचा. खरं कोणाचं? आणि मेमध्ये आईला घेऊन ब्रायटनला जाणार आहोत, तर तो पिअर आम्हाला बघायला मिळेल का? – एक वाचक

उत्तर: आत्यांचं. जुना फोटो हातात आला की आपण चेहरा बघत बसतो. साल मात्र पाठीमागच्या भिंती सांगतात. ती पांढरी इमारत म्हणजे ससेक्स हाइट्स, चोवीस मजली. ती १९६८ साली पुरी झाली. १९६३ मध्ये मेट्रोपोलच्या मागे तिचा पत्ताच नव्हता. म्हणजे फोटो १९७१ चा. आईंना सांगताना जरा बेताने सांगा!

पिअरचं विचाराल तर निराशा होईल. १८६६ मध्ये खुला झालेला वेस्ट पिअर १९७५ मध्ये बंद पडला. दुरुस्तीच्या नुसत्या चर्चा होत राहिल्या, २००३ मध्ये दोनदा आग लागली, आणि आता पाण्यात लोखंडी सांगाडा तेवढा उभा आहे. नोकरीमुळे मी त्या किनाऱ्यावर बरीच वर्षं काढली. तिथली म्हातारी माणसं अजून त्यावर तावातावाने भांडतात. पूर्वेला दिव्यांनी लखलखणारा दिसतो तो पॅलेस पिअर, १८९९ चा. बाबांची जागा समजून तिथे फोटो काढू नका. सांगाड्यासमोर किनाऱ्यावर उभं राहा, पाठ समुद्राकडे नको, शहराकडे करा; बाबा बघत होते तो समुद्र तुमच्यासमोर असेल. वाळू नाही, सगळे गोटे आहेत, आईंना चपला घालू देऊ नका.

अर्धा दिवस हाताशी असेल तर ब्रायटनजवळच्या पॅचमच्या टेकडीवरची छत्री, म्हणजे हिंदी सैनिकांचं स्मारक, चुकवू नका. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांसाठी ब्रायटनच्या राजवाड्यात, रॉयल पॅव्हिलियनमध्ये, इस्पितळ होतं. दगावलेल्या हिंदू आणि शीख जवानांपैकी त्रेपन्न जणांना या टेकडीवर अग्नी दिला. तिथली संगमरवरी छत्री १९२१ ची, आराखडा मुंबईच्या हेन्रिक्स नावाच्या तरुण वास्तुरचनाकाराचा. शेवटचा टप्पा शेतांमधून पायी आहे, पण मेमध्ये त्रास होणार नाही.