सावर चांगली, मग भोरडी वाईट का?

प्रिय सोनू,

तू विचारलंस, "आजी ज्वारीवरच्या भोरड्यांना गोफणीने हाकलते, पण त्याच भोरड्या ओढ्याकाठच्या काटेसावरीवर बसल्या की काहीच बोलत नाही. झाड चांगलं आणि पाखरू वाईट असतं का?"

नाही रे. आजीचा राग भोरडीवर नाही, तिला काळजी आहे ती कणसाची. मंगळवेढ्याच्या जिरायती रानात वर्षाची भाकरी त्या मालदांडी ज्वारीवरच असते. थंडीत दाणा दुधात आला की नेमका तेव्हाच थवा उतरतो आणि बघता बघता कणसं रिकामी करतो. म्हणून उजाडल्यापासून कुणी ना कुणी राखणीला माळ्यावर उभं असतं. गोफण मारायची ती थवा उठवायला, पाखराला लागेल अशी नाही. हे आजीने तुला बजावलंच असेल.

फेब्रुवारीत बघ, सावरीवर पान उरत नाही, नुसती लाल, जाड पाकळ्यांची फुलं. भोरडी मधासाठी फुलात डोकं खुपसते आणि वर काढते तेव्हा तिच्या कपाळाला, गळ्याला परागांची भुकटी लागलेली असते. ती दुसऱ्या सावरीच्या फुलाला लागली की बोंड धरतं. उन्हाळ्यात बोंडं उकलतात. आजीच्या मऊ उशीत तोच कापूस आहे. सावरीला जागचं हलता येत नाही, म्हणून ती मध देते आणि हिंडणाऱ्या पाखराकडून काम करून घेते.

आणि भोरडी किती हिंडते! एप्रिलच्या सुमारास ती तिकडून निघते आणि मे महिन्यात इकडे, कझाकस्तानातल्या माझ्या अल्माटी शहराच्या आसपास पोहोचते. गुलाबी अंग, काळं डोकं, वर तुरा. दगडांच्या ढिगाऱ्यांत खूप जोड्या शेजारी शेजारी घरटी करतात आणि पिल्लांना टोळ, नाकतोडे भरवतात. सीमेपलीकडे चीनच्या शिनजियांगमध्ये तर तिने टोळ खाऊन कुरणं वाचवावीत म्हणून लोक मुद्दाम दगड रचून तिला घरट्यांना जागा करून देतात. तिकडे जिला हाकलतात, तिचीच इकडे वाट बघतात. मला हे फार आवडतं.

आजोबांना माझा निरोप दे: सावलीने पीक खुरटतं असं कुणी कितीही म्हणालं, तरी ती सावर तोडू देऊ नका. फुलं आली की दुर्बिणीतून भोरडीचा गळा नीट बघ आणि पराग दिसले का ते मला कळव. राखणीला जाताना डोक्याला टोपी घाल. आजीला नमस्कार.

तुझा,
बाबा