हशा आणि पदाचा मुखडा

प्रश्न : आमची हौशी मंडळी देवलांचं ‘संशयकल्लोळ’ आजच्या वेशात, दोन तासांत बसवतेय. रंगीत तालमीत हशा आला की पुढच्या पदाचे शब्द बुडाले. नायक काळी एक पट्टीत (म्हणजे ती काळी पट्टी ‘सा’ धरून) गातो, नायिका काळी चारमध्ये. तिथेही गाडं अडतं.
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : हरिपूरच्या देवलांनी फ्रेंच नाटककार मोलिएरचा फार्स इतका आपलासा केला, की त्यातला संशय आजही ताजा वाटतो. म्हणून कात्री संवादांना नको, पदांना लावा. ज्या पदानंतर कथा होती तिथेच राहते, त्याचा मुखडा (सुरुवातीची ओळ) आणि एकच अंतरा (पुढचं कडवं) ठेवा.

हशा आला की ऑर्गनवाल्याने एकच आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, फिरवत ठेवायचं. आवाज ओसरू लागला की गायकाने मान हलवायची आणि पुढच्या समेनंतर (तालाच्या पहिल्या मात्रेनंतर) मुखडा उचलायचा. ठरलेली आवर्तनं मोजून उचललात तर शब्द हमखास बुडणार. मुखडा पहिल्यांदा सरळ म्हणा. ताना, हरकती दुसऱ्या वेळी.

पट्टीचं कोडं सोपं आहे. नायकाचा पंचम (प) हाच नायिकेचा षड्ज (सा). तिच्या संवादाच्या शेवटच्या वाक्याखाली ऑर्गनने तो स्वर हलकेच धरावा. काळी एकला लावलेला तबला तिला मध्यमात (म) लागतो, पण पंचमावर भर असलेल्या पदांत खटकतो. म्हणून काळी चारचा दुसरा तबला शेजारी हवाच.

नाटकातली नायकाची तसबीर मात्र आजच्या वेशात बसवताय म्हणून मोबाइलवर दाखवू नका. शेवटच्या रांगेला ती दिसत नाही, आणि सगळा घोटाळा तिच्यावरच उभा आहे. वीतभर उंचीची, चकाकती चौकट घ्या. काच काढून टाका, नाहीतर दिव्याची तिरीप प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाते.