साठ खुर्च्या मांडल्या, बोललं कुणीच नाही: वाचनालयातली संवाद-बैठक कशी जमवायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर आणि कागल तालुक्यांतली सहा वाचनालयं मिळून इतिहास, समाज, भाषा अशा विषयांवर लोकांनी आपसात बोलावं असे कार्यक्रम करायचे आहेत. पहिल्या वेळी साठ खुर्च्या मांडल्या, पाहुणे तासभर बोलले आणि शेवटी ‘कुणाला काही विचारायचंय का?’ म्हटल्यावर सगळे आभाराची वाट बघत बसले. चुकलं कुठं, आणि वर्षाला खर्च किती धरायचा?

चूक लोकांची नाही, मांडणीची आहे. आपल्याकडे व्याख्यानमालेची सवय जुनी. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची आहे आणि गावोगाव साचा तोच उतरला. त्या साच्यात लोकांचं काम ऐकायचं. तासभर मान हलवलेला माणूस एकसष्टाव्या मिनिटाला बोलता होत नाही. तेव्हा बैठकीतून पाहुणे काढा आणि त्यांच्या जागी एक पान ठेवा.

पान म्हणजे खरोखर एकच कागद. ए-फोर, अक्षर १६ पॉइंट, मजकूर अडीचशे शब्दांच्या आत. पन्नाशीपुढचे निम्मे लोक चष्मा घरी विसरून येतात, म्हणून अक्षर मोठं. मजकूर दोनदा मोठ्यानं वाचायचा, पण ‘आता प्रत्येकानं एकेक ओळ वाचा’ हे करू नका. ज्याला नीट वाचता येत नाही तो पुढच्या वेळी येणारच नाही. वाचणारा आधी ठरवून ठेवा, दुसऱ्या वाचनाला आवाज बदला.

उदाहरण घ्या शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२ च्या आदेशाचं. संस्थानात यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांतून भरायच्या, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ आहे. त्यामुळं ‘शाहू महाराजांचं योगदान काय?’ असं विचारलंत की वक्तृत्व स्पर्धा सुरू होते. आदेश खालपर्यंत वाचा. त्यात खातेप्रमुखांनी दर तिमाहीला झालेल्या नेमणुकांचा तक्ता पाठवावा असंही सांगितलंय. प्रश्न तिथं लावा: ‘राजानं हुकूम काढला, मग तक्ता कशाला मागावा लागला असेल?’ हा प्रश्न तलाठ्याला कळतो, पतसंस्थेच्या कारकुनाला कळतो, रेशनच्या रांगेत उभं राहणाऱ्या बाईलाही कळतो. वरून आलेला हुकूम खाली पोचेपर्यंत त्याचं काय होतं, यावर प्रत्येकाकडं सांगायला काही ना काही असतं.

प्रश्न तीनच काढा. पहिला कागदातल्या शब्दांवर, दुसरा माणसाच्या स्वतःच्या अनुभवावर, तिसरा आजच्या परिस्थितीवर. क्रम उलटा झाला की बैठक फसते. आजच्या आरक्षणापासून सुरुवात केलीत तर पाचव्या मिनिटाला दोन बाजू पडतात आणि कागद कुणी बघत नाही.

सगळीकडं मजकूरच हवा असंही नाही. नदीकाठच्या गावात पुराच्या रेघेचा फोटो पुरतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका, हे आकडे तिथं सगळ्यांच्या तोंडी असतात. ‘३९ झाले की घरातलं पहिलं काय उचलता?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. बायका कागदपत्रं आणि धान्याचं सांगतील, म्हातारे जनावरांचं. प्रयाग चिखली-आंबेवाडीकडं मात्र पूरग्रस्तांच्या सोनतळीतल्या पुनर्वसनाचा विषय निघणारच. तो चालकानं, म्हणजे बैठक चालवणाऱ्यानं, स्वतः काढू नये आणि निघाला तर दाबूही नये. पुढं तालुके वाढवायचे झाले तर चंदगडला बोलीभाषेचा विषय घ्या, ‘घरात कुठली, शाळेत कुठली’. माणगावच्या बाजूला १९२० च्या अस्पृश्य परिषदेचा घ्या, इचलकरंजीत मागाचा. एकच विषय जिल्हाभर फिरवायचा हट्ट नको.

आता बसायचं. १२ ते २० माणसं, गोल. १२ च्या खाली दोघेच बोलतात, २० च्या वर लोक श्रोते होतात. जास्त आले तर दोन गोल करा. जाजम की खुर्च्या यावर फार डोकं शिणवू नका, पण सगळ्यांना एकच. गुडघेदुखीवाले खुर्चीवर आणि बाकीचे खाली अशी मांडणी झाली की खुर्चीवाले आपोआप पुढारी होतात. बायका भिंतीकडंला एका ओळीत बसतील. गोल पुरा झाल्याशिवाय सुरू करू नका. माईक नको. हातात माईक आला की माणूस ‘व्यासपीठावरील मान्यवर’ म्हणूनच सुरुवात करतो. पंख्याच्या आवाजात ऐकू येत नसेल तर खोली लहान घ्या.

सत्काराचं काय, हा कोल्हापूरचा खरा प्रश्न. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, फेटा, शाल, नारळ यांत दीड तासातली पस्तीस मिनिटं सहज जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे कोण मोठा हे सुरुवातीलाच ठरून जातं. पूर्ण टाळणं अवघड. सरपंच किंवा संचालक येणार असतील तर आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा: ‘साहेब, उद्या भाषण नाही, गोलात बसायचं, सगळ्यांसारखं.’ बहुतेक जण ऐकतात. तरी फेटा बांधायचाच असेल तर शेवटी बांधा, बैठक झाल्यावर.

वेळ दुधावर ठरते. गावात संध्याकाळचं दूध डेअरीला घालून, जेवण उरकून माणूस मोकळा होतो तो आठला. आठ ते साडेनऊ ठेवा. बायका जास्त हव्या असतील तर दुपारी दोन ते साडेतीन. शहरात रविवारी साडेपाच बरी. नदीकाठाला जुलै-ऑगस्ट टाळा. ऊसतोड ऐन भरात असताना निम्मा गाव फडात असतो, आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आठवड्यात कुणाला बोलावू नका.

चालक दोन लागतात, एक बोलवणारा आणि एक टिपणारा. प्राध्यापक मंडळींना राग येईल, पण ते सहसा चांगले चालक होत नाहीत. शांतता पडली की त्यांना ती भरावीशी वाटते. प्रश्न टाकल्यावर मनात दहा आकडे मोजायचे. आठव्या-नवव्याला कुणीतरी घसा खाकरतोच. ग्रंथपाल, निवृत्त शिक्षिका, अंगणवाडी सेविका या कामाला उत्तम. आणि चालक शेजारच्या गावचा घ्या. गावातल्याची भावकी असते, त्यानं कुणाला थांबवलं की त्याचा अर्थ वेगळा लागतो. सहा वाचनालयांची साखळी खरी उपयोगी पडते ती इथंच.

एकटाच बोलत सुटणारा प्रत्येक गावात असतो. त्याला ‘थोडक्यात’ म्हणू नका, तो तिथूनच नव्यानं सुरुवात करतो. टिपणाऱ्यानं त्याचा मुद्दा सगळ्यांना दिसेल असा फळ्यावर लिहायचा आणि चालकानं म्हणायचं, ‘तात्या, तुमचं लिहिलं बघा. आता काकूंचं राहिलंय.’ लिहून झालं की तात्यांचा जोर निम्मा होतो.

जातीवरून आवाज चढला तर समजूत घालत बसू नका. कागदाकडं न्या: ‘यातली कुठली ओळ धरून बोलताय?’ तरी थांबलं नाही तर दोन मिनिटं प्रत्येकानं आपलं म्हणणं चिठ्ठीवर लिहायचं, ज्याला लिहायचं नाही त्यानं शेजाऱ्याला सांगायचं. तोवर चहा आणा. एक नियम सुरुवातीलाच सांगून ठेवा: समोरच्याच्या आडनावावरून त्याचं मत धरायचं नाही. मोबाइलवर चित्रण आणि लाइव्ह बंद. स्टेटसला आपलं वाक्य पडणार हे कळलं की माणूस बोलतो ते बाहेरच्यांसाठी, गोलातल्यांसाठी नाही. टिपणात मुद्दे घ्या, नावं नकोत.

खर्च फार नाही. वीस जणांना चहा-पोहे ३० रुपयांप्रमाणे ६००, पंचवीस प्रती ५०, चालकाचं मानधन ५००, दोघांचं एसटी-रिक्षा भाडं २००. बैठकीला १३५० झाले. सहा ठिकाणी वर्षात तीन-तीन धरल्या तर अठरा बैठकांचे २४,३००, आणि चालकांच्या दोन अर्ध्या दिवसांच्या सरावाला आणखी ३,००० ठेवा. फ्लेक्सला पैसे घालू नका. घरोघरी जाऊन दिलेल्या तोंडी निमंत्रणाला माणसं येतात, फ्लेक्सला फक्त नावं येतात. मानधन मात्र चुकवू नका. फुकटचा चालक तिसऱ्या बैठकीला ‘जरा काम निघालं’ म्हणतो.

हे पैसे एकाच कारखान्याकडून किंवा एकाच नेत्याकडून घेऊ नका. गट पडलेल्या गावात दुसऱ्या गटाचा माणूस उंबरा चढणार नाही. दुसरा धोका असा, की देणाऱ्यानंच हात आखडला तर काय. अमेरिकेत असे कार्यक्रम राज्यभर चालवणाऱ्या मानव्यविद्या (इतिहास, भाषा, साहित्य असे विषय) परिषदा आहेत. १९६५ साली तिथल्या केंद्र सरकारनं या विषयांसाठी राष्ट्रीय निधी उभा केला, त्यातून त्यांना पैसा मिळत आला. एप्रिल २०२५ मध्ये ही अनुदानं एकदम रद्द झाली आणि बऱ्याच परिषदांना कार्यक्रम आणि माणसं कमी करावी लागली. आपला आकडा सत्तावीस हजारांचा आहे; पाचशे-पाचशे देणारी पंचावन्न माणसं सहा गावांत मिळतात. पावती द्या, आणि हिशेबाचा कागद वाचनालयाच्या फळ्यावर लावा.

हजेरीची वही शेवटी फिरवा, सुरुवातीला नको. पहिल्यांदाच सही मागितली की ‘कशाची सही?’ सुरू होतं. वहीबरोबर एक चिठ्ठी द्या, एकच ओळ: ‘आज दुसऱ्याकडून काय नवीन ऐकलं?’ ‘कार्यक्रम छान झाला’ अशाच चिठ्ठ्या आल्या तर पुढच्या वेळी प्रश्न बदला. कुणाचं तरी म्हणणं चिठ्ठीत उतरलं असेल तर तेच पुढच्या बैठकीच्या कागदावर, नाव न घालता, सगळ्यात वर छापा.